रंगपटात डोकावण्याची हौस

‘इथे पर्यटक फारसे फिरकत नाहीत’ ही शिफारस पर्यटकांसाठीच असते, आणि ती वाचूनच तिथे झुंबड उडते. अस्सलाच्या मागे लागलेल्यांची ही फजिती बरीच जुनी आहे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधले हौशी प्रवासी निसर्ग पाहायला निघताना ‘क्लॉड ग्लास’ जवळ ठेवत. हातात मावेल असा, किंचित फुगीर, काळपट आरसा. तळं-डोंगर समोर आले की त्यांच्याकडे चक्क पाठ करायची आणि आरशातलं प्रतिबिंब पाहायचं. ते निसर्गचित्रकार क्लॉद लोरँच्या चित्रासारखं दिसलं की समाधान! सेल्फीवाल्यांना हसण्याआधी हे आठवावं.

१८४१ मध्ये इंग्लंडमध्येच थॉमस कुकने लेस्टर ते लफबरो अशी सुमारे ५०० जणांची रेल्वे सहल काढली. पुढे अशा सहली वाढल्या, तशी ‘आम्ही पर्यटक नव्हे, प्रवासी’ म्हणणाऱ्यांचीही एक जात तयार झाली. नेहमीची प्रेक्षणीय स्थळं त्यांना पुरेनात. पॅरिसमध्ये १८६७ च्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने शहराची गटारं दाखवायला सुरुवात झाली. तिथल्या शवागारात ओळख न पटलेली प्रेतं काचेआड मांडलेली असत आणि बघ्यांची रीघ लागे. १९०७ मध्ये ते लोकांसाठी बंद झालं.

ही ओढ नेमकी कशाची, ते समजायला समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन उपयोगी पडतो. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरच्या एका हॉटेलात त्याने पाहिलं, की पाहुण्यांनी अर्धवट वापरलेलं लोणी आत नेऊन पुन्हा वळलं जाई आणि ताजं म्हणून बाहेर येई. माणसांच्या वागण्यालाही असाच रंगमंच आणि रंगपट, म्हणजे पडद्यामागची तयारीची खोली, असतो, हे त्याने १९५० च्या दशकात मांडलं. १९७३ मध्ये समाजशास्त्रज्ञ डीन मॅकॅनेलने तेच पर्यटनाला लावलं. पर्यटकाला रंगपट पाहायचा असतो, म्हणून धंदेवाले त्याच्यासाठी वेगळा रंगपट सजवतात. आत शिरल्यासारखं वाटतं, पण तोही रंगमंचच.

१९९९ मध्ये पर्यटनाचा अभ्यासक निंग वांगने म्हटलं, की अस्सलपणा वस्तूतच असायला हवा असं नाही. प्रवासात माणूस रोजच्यापेक्षा मोकळा होतो, तोही अस्सलच. हे पटतं, पण धंदेवाल्यांच्या फारच सोयीचं आहे.

हाच खेळ फोनवरही रंगला. २०२० मध्ये मित्रांना खरंखुरं रोजचं जगणं दाखवायचं म्हणून ‘बीरिअल’ हे फोटोंचं ॲप आलं. दिवसातून एकदा, अवचित सूचना. दोन मिनिटांत दोन्ही कॅमेऱ्यांनी फोटो, सजावट नाही. उशिरा टाकला तर ॲप चारचौघांत तसं सांगतं, पण टाकू देतं. मग काय, लोक संध्याकाळी कुठे बाहेर पडेपर्यंत थांबू लागले.