सोनखत, शोषखड्डा आणि परसातली भाजी

न्हाणीच्या पाण्यावर केळ आणि अळू पोसणं कोकणात जुनंच. संडास परसात आला तो उशिरा; त्याआधी काजूचा माळ नाहीतर वहाळाचा काठ होता. शेताला शेणखत, तरव्याला, म्हणजे भाताच्या रोपवाटिकेला, पालापाचोळा जाळून केलेली भाजावळ, माडाला मासळीचं खत. मैल्याचं खत, म्हणजे सोनखत, करणारे संडास स्वातंत्र्यानंतरच्या काळात कणकवलीच्या एका आश्रमाने करून दाखवले. पण त्यांचं कौतुक जेवढं झालं, तेवढं अनुकरण झालं नाही.

२०१४ नंतर स्वच्छ भारत योजनेच्या १२ हजारांच्या अनुदानावर घरोघर संडास उभे राहिले आणि खरा घोळ तिथे सुरू झाला. गावात सगळ्यालाच 'टाकी' म्हणतात. योजनेचा आग्रह दोन शोषखड्ड्यांचा, म्हणजे पाणी जमिनीत मुरू देणाऱ्या खड्ड्यांचा, होता: एक भरला की दुसरा चालू करायचा, पहिला वर्ष-दीड वर्ष बंद ठेवायचा. मग आत उरते ती भुसभुशीत, वास नसलेली माती. सोनखत म्हणायचं ते हेच. सेप्टिक टँकमध्ये, म्हणजे पक्क्या बंद टाकीमध्ये, मात्र रोज नवी भर पडते, म्हणून तिचा उपसलेला गाळ कधीच 'जुना' होत नाही. त्यात जंतांची अंडी जिवंत असतात. तरी कलमाच्या बुंध्यात ओतताना त्यालाही सोनखतच म्हटलं जातं. पुष्कळांनी सेप्टिक टँकच पसंत केली, कारण 'खड्डा उपसणार कोण?' हा प्रश्न खताचा नव्हता, जातीचा होता. माणसाकडून ताजा मैला उपसून घेण्यावर १९९३ आणि २०१३ च्या कायद्यांनी बंदी आणली. खड्ड्यातल्या कोरड्या मातीबद्दलची किळस मात्र तशीच राहिली.

शिवाय सेप्टिक टँकमधून बाहेर पडणारं पाणी स्वच्छ नसतं, त्यालाही शोषखड्डा लागतोच. जांभ्याच्या भेगांतून ते झिरपत जातं. जुलैत विहिरीचं पाणी वाकून हाताने घेता येतं, तेव्हा खड्डा आणि विहीर यांच्यात फारसं काही उरत नाही. वेंगुर्ले-मालवणच्या पुळणीत तर पाणी बारमाही उथळच.

भाजीचा धोका मुळांतून वर चढत नाही, मातीच्या शिंतोड्यांतून येतो. मांडवावरचं पडवळ, दोडकी त्या मानाने निर्धास्त. माठ, मुळा, कोथिंबीर खड्ड्यालगत नकोच. अलीकडे सेंद्रियच्या नावाखाली ताजं शेण कालवून थेट पालेभाजीवर शिंपतात, तेव्हाही हाच हिशेब लागू होतो. आजीचं शेणखत उकिरड्यात निदान एक पावसाळा कुजलेलं असायचं.