रुग्णालयातील इलेक्ट्रॉनिक नोंदी आणि डॉक्टर (कोकण)

रुग्णाची तक्रार, तपासणी, निदान, औषधे, प्रयोगशाळेचे अहवाल आणि डिस्चार्ज कार्ड कागदाऐवजी संगणकावर ठेवण्याच्या पद्धतीला इलेक्ट्रॉनिक वैद्यकीय नोंद किंवा ईएमआर म्हणतात. एका रुग्णालयापुरती राहते ती ईएमआर आणि रुग्णाबरोबर दुसऱ्या रुग्णालयात जाऊ शकते ती ईएचआर, असा भेद पुस्तकांत केलेला असतो. रुग्णालयात मात्र दोन्हींना ‘सिस्टीम’ एवढेच नाव आहे. सिस्टीम बसवण्याचा निर्णय वरून होतो, पण ती चालणार की नोंदणी खिडकी आणि बिलापुरती उरणार, हे डॉक्टरच्या हातात असते. तो केसपेपरवरच लिहीत राहिला तर पुढचे सगळे अडते.

कायद्याने वाट बरीच आधी दाखवली होती. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत आंतररुग्णाच्या, म्हणजे दाखल झालेल्या रुग्णाच्या, नोंदी तीन वर्षे जपाव्यात, मागितल्यास ७२ तासांत द्याव्यात आणि त्या संगणकावर आणण्याचा प्रयत्न करावा, असे तिन्ही सांगितले आहे. केंद्र सरकारने अशा नोंदींची मानके २०१३ मध्ये काढली आणि २०१६ मध्ये सुधारली. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले आणि रुग्णाच्या नोंदी एकमेकांशी जोडणारा १४ अंकी आभा क्रमांक आला.

डॉक्टर नवी यंत्रणा का स्वीकारतात याचा अभ्यास दोन आराखड्यांवर उभा आहे. फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये दोन गोष्टी मांडल्या: साधन उपयोगाचे वाटते का, आणि ते वापरायला सोपे वाटते का. व्यंकटेश आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये त्यांत आजूबाजूच्यांचा प्रभाव आणि हाताशी असलेली मदत यांची भर घातली. डॉक्टरांच्या बाबतीत उपयोगाचे पारडे सोपेपणापेक्षा जड ठरते, असे पुष्कळदा आढळले आहे. अवघड यंत्रे तर ते रोजच शिकत असतात.

म्हणून ‘डॉक्टरांना संगणकाची भीती वाटते’ हे नेहमीचे स्पष्टीकरण कोकणात फारसे टिकत नाही. केसपेपरवर लिहिणारा तोच डॉक्टर ईसीजीचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर मुंबईच्या हृदयरोगतज्ज्ञाला पाठवतो आणि उत्तर आले की औषध सुरू करतो. अर्ध्या मिनिटाचे काम आणि फायदा समोरच्या खाटेवर. (रुग्णाच्या गोपनीयतेचे काय, हा प्रश्न तिथे सहसा कोणी विचारत नाही.) सिस्टीमची तुलना याच्याशी होते.

सगळ्यात मोठा घटक वेळ. समजा, सकाळी ९ ते १ या ओपीडीत १०० रुग्ण आहेत. प्रत्येकाच्या वाट्याला अडीच मिनिटेही येत नाहीत. सिस्टीमने दर रुग्णामागे एकच मिनिट वाढवले तरी ओपीडी दोन चाळीसला उठते, आणि परतीची एसटी त्याआधी सुटलेली असते. रुग्ण म्हणतो, “तीन दिस ताप येता, आंग मोडून येता.” केसपेपरवर ही एक ओळ होते. पडद्यावर आधी क्रमांक शोधायचा, मग इंग्रजी यादीतून लक्षण, मग निदानाचा कोड, मग प्रत्येक औषधाची मात्रा आणि दिवस. ही तक्रार एकट्या कोकणची नाही. अमेरिकेत २००९ च्या कायद्याने अनुदान दिल्यावर मूलभूत ईएचआर असलेली रुग्णालये २००८ मधील ९.४ टक्क्यांवरून २०१५ मध्ये ८३.८ टक्क्यांवर गेली. पण २०१६ च्या एका अभ्यासात रुग्णासमोरच्या दर एका तासामागे डॉक्टरचे जवळपास दोन तास संगणक आणि टेबलावरच्या कामात जाताना दिसले.

वेळेपेक्षाही जास्त चीड आणते ते दुबार लिखाण. पावसाळ्यातला लेप्टोचा, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाचा, एक रुग्ण घ्या. त्याची नोंद केसपेपरवर, सिस्टीमवर, साथरोगांच्या पोर्टलवर आणि तो महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसला तर दाव्यासाठी पुन्हा एकदा. ही योजना राजीव गांधी जीवनदायी या नावाने २०१२ मध्ये पहिल्या आठ जिल्ह्यांत आली तेव्हा त्यांत रायगड होता, त्यामुळे कागद स्कॅन करून चढवण्याची सवय इथे जुनी आहे. सिस्टीम कागद कमी करील या आशेने डॉक्टर सुरुवात करतो आणि ‘ऑडिटला लागेल, कागदही ठेवा’ असे सांगितले की थांबतो.

तातडीच्या वेळी अडचण कशी दिसते, त्याला फुरसे या विषारी सापाच्या दंशाचे उदाहरण चांगले आहे. रत्नागिरीच्या कातळांवर फुरसे पुष्कळ. त्याच्या विषाने रक्त गोठेनासे होते, म्हणून कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन ती वीस मिनिटे न हलवता ठेवतात आणि मग तिरकी करून पाहतात. रक्त पातळच राहिले तर सर्पविषरोधक लस सुरू, आणि सहा तासांनी पुन्हा नळी. दंश कधी झाला, नळी कधी लावली, कितवी कुपी चालू आहे, हे सगळे खाटेला लटकवलेल्या ट्रीटमेंट शीटवर सिस्टर लिहितात. संगणक असतो ड्युटी रूममध्ये. नोंद चढते सकाळी राऊंडनंतर, आणि तोवर ८.१७ चे ‘रात्री ८’ झालेले असते. खाटेपाशी नेता येणारे टॅब्लेट जिथे नाहीत, तिथे डॉक्टरला बोल लावण्यात अर्थ नाही.

मग लाईट आणि रेंज. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यातली वीज अनेक दिवस आली नव्हती. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळुणात शिरले. तळमजल्यावर ठेवले तर फायली आणि सर्व्हर दोन्ही भिजतात; दूरच्या सर्व्हरवरची नोंद वाचते, पण ती उघडायला नेट लागते. नेट नसताना चालणारी आणि नंतर आपोआप जुळवून घेणारी सिस्टीम इथे चैनीची वस्तू ठरत नाही. पहिल्या आठवड्यात दोनदा ‘सर्व्हर डाऊन’ झाले की गेलेला विश्वास परत यायला वर्ष लागते.

माणसांचा भागही आहे. वॉर्डातले वरिष्ठ फिजिशियन कागदावर लिहीत असतील तर इंटर्नही तेच करतात, किंवा सरांनी सांगितलेले रात्री बसून टाइप करतात. बॉन्डवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेवर, आलेला डॉक्टर शिकतो, सरावतो आणि वर्षभरात निघून जातो; त्याच्याबरोबर प्रशिक्षणही जाते. सिंधुदुर्ग आणि अलिबागला २०२१ मध्ये, तर रत्नागिरीला २०२३ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाल्याने निवासी आणि विद्यार्थ्यांचे हात वाढत आहेत. वयाला मात्र समजतात तेवढे महत्त्व नसावे.

कोर्टाची धास्ती दोन्ही बाजूंनी काम करते. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली. प्रत्येक बदलाची वेळ नोंदवणारी सिस्टीम काहींना ढाल वाटते, काहींना सापळा. खेरीज लहान गावात गोपनीयतेचा अर्थ वेगळा असतो: डेटा एंट्री करणारा मुलगा रुग्णाच्याच वाडीतला निघू शकतो. म्हणून क्षयरोगाची किंवा एचआयव्हीची नोंद करताना डॉक्टरचा हात अडखळतो.

फायदा दिसतो तो रुग्ण पुढे पाठवताना. सिंधुदुर्गातला रुग्ण गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातो, राजापूर-वैभववाडीकडचा कोल्हापूरला, उत्तरेकडचा मुंबईला. त्याचा सगळा इतिहास कापडदुकानाच्या प्लास्टिक पिशवीत असतो: घड्या पडलेली डिस्चार्ज कार्डे, पुसट ईसीजी, मागच्या गणपतीत चाकरमानी मुलाने मुंबईत केलेले रिपोर्ट. पिशवी घरी राहिली की तपासण्या पहिल्यापासून. या पिशवीपेक्षा लवकर उघडणारी सिस्टीम मिळाली तर डॉक्टर ती आपणहून वापरतात. प्रयोगशाळेचे अहवाल आणि छापील डिस्चार्ज कार्ड हे भाग सर्वांत आधी रुळतात ते यामुळेच.

दुसरा फायदा सावकाश कळतो. महाडजवळच्या बिरवाडीत डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांची बारकाईने निरीक्षणे टिपली आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपचार जगापुढे आला. तो काळ कागदाचा होता. आज तसे शोधायचे तर नोंदीतले रकाने कामाचे हवेत. २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात गोचिडींमुळे पसरणारा माकडताप आला, तेव्हा काजूच्या बागांत जाणाऱ्यांचा प्रश्न महत्त्वाचा होता. पत्त्याच्या रकान्यात तालुका आणि पिनकोड भरून तो सुटत नाही. वाडी कोणती आणि बाग कुठली, हे डॉक्टर आजही केसपेपरच्या समासात लिहितो.