झेड/व्हीएमवर ओरॅकल: मेमरीच्या काटकसरीचं मूळ

झेड/व्हीएम म्हणजे आयबीएमच्या मेनफ्रेमवर अनेक आभासी यंत्रं चालवणारी प्रणाली. तिच्यावरच्या लिनक्स गेस्टला (आभासी यंत्राला) मेमरी हात राखून द्यायची, हे ऐकून इंटेल सर्व्हरवर ओरॅकल डेटाबेस सांभाळण्यात मुरलेला डीबीए बुचकळ्यात पडतो. तिकडे शंका आली की रॅम वाढवतात. इथली उलटी रीत झेड/व्हीएमच्या पूर्वजापासून, १९७२च्या व्हीएम/३७०पासून चालत आली आहे.

त्या व्हीएमचं गिऱ्हाईक म्हणजे टर्मिनलवर बसलेला सीएमएसचा (व्हीएममधल्या एका माणसापुरत्या छोट्या प्रणालीचा) वापरकर्ता. तो एक कमांड द्यायचा आणि मग बराच वेळ विचार करायचा. तो थांबला की सीपी (व्हीएमचा गाभा) त्याची पानं, म्हणजे मेमरीचे छोटे तुकडे, काढून दुसऱ्याला द्यायचं. थोडक्या मेमरीत पुष्कळ जण नांदायचे ते याच हिशेबावर.

१९९९च्या अखेरीस आयबीएमने मेनफ्रेमवर लिनक्स चालवण्यासाठीचा आपला कोड खुला केला आणि हा हिशेब बिघडला. कर्नेलचा टायमर सेकंदाला १०० वेळा टिकटिकायचा, त्यामुळे रिकामा गेस्टही सीपीला कामात दिसायचा. ते पुढे सुधारलं. पण मोकळी मेमरी दिसली की फाइल कॅशेने (वाचलेल्या फाइलींच्या प्रतींनी) भरून टाकायची लिनक्सची खोड कायम आहे. १६ जीबी द्या, आज ना उद्या सगळी वापरात दिसेल. त्यावर ओरॅकलचा एसजीए, म्हणजे डेटाबेसची स्वतःची सामायिक मेमरी. म्हणजे एकच ब्लॉक एसजीएत, लिनक्सच्या कॅशेत आणि मिनिडिस्क (व्हीएमने दिलेला डिस्कचा तुकडा) असेल तर व्हीएमच्या एमडीसीतही (मिनिडिस्क कॅशेतही)! ओरॅकलमध्ये फाइलसिस्टिमआयओ_ऑप्शन्स=सेटऑल केलं की मधली प्रत जाते, गेस्टच्या व्हीएम डिरेक्टरीत मिनिऑप्ट नोएमडीसी लिहिलं की तिसरी.

गेस्ट फुगला की दुहेरी पेजिंग सुरू होतं. सीपीने आधीच मेमरीबाहेर डिस्कवर टाकलेलं पान लिनक्स स्वॅप करायला (स्वतःच्या डिस्कवर हलवायला) घेतं, मग सीपी ते आत आणतं, केवळ पुन्हा बाहेर लिहिण्यासाठी. म्हणून एसजीए, पीजीए (ओरॅकलच्या प्रोसेसेसची खासगी मेमरी), प्रोसेसेस आणि कर्नेल यांची बेरीज करून गेस्टचं माप काढायचं. पहिला स्वॅप लहानशा व्हीडिस्कवर (मेमरीतल्या आभासी डिस्कवर), वरच्या प्राधान्याने. खरी डिस्क त्यामागे. ऐन गर्दीत व्हीडिस्कला जेमतेम हात लागला, तर माप बरोबर.

बेरजेत हमखास सुटतात ती पेज टेबलं, म्हणजे कोणतं पान कुठे आहे याच्या नोंदी. १० जीबीच्या एसजीएत ४ केबीची २६,२१,४४० पानं. प्रत्येकाला ८ बाइट, म्हणजे प्रोसेसमागे २० एमबी. ५०० सेशन्सनी सगळा एसजीए चाळला तर १० जीबी नुसती टेबलंच! १ एमबीच्या ह्यूजपेजेस (मोठी पानं) हा त्यावरचा उपाय, आणि झेड/व्हीएम ६.४पासून गेस्टला हार्डवेअरची ही सोय मिळते. मात्र ओरॅकल ११जीपासूनचं मेमरी_टार्गेट (एसजीए-पीजीएत मेमरी आपोआप वाटणारी सेटिंग) त्यांच्याशी जमत नाही, एसजीए_टार्गेटच हवं. ह्यूजपेजेस कमी पडल्या तर ओरॅकलच्या जुन्या आवृत्त्यांत अख्खा एसजीए ४ केबीवर घसरतो आणि राखलेल्या ह्यूजपेजेस नुसत्या अडकून पडतात. यूज_लार्ज_पेजेस=ओन्ली ठेवलं की निदान इन्स्टन्स सुरूच होत नाही आणि चूक तिथेच कळते.

ह्यूजपेजेस लिनक्स स्वॅप करत नाही, पण सीपीला त्याचं सोयरसुतक नाही. ते खाली ४ केबीच मोजतं आणि ती पानंही बाहेर काढतं. प्रॉडक्शन गेस्टला सेट रिझर्व्ह्ड (त्याची पानं मेमरीत राखून ठेवायला सांगणारी सीपीची कमांड) लावतात ते यासाठीच.