डिस्लेक्सिया आठवीच्या वर्गात पोचतो तेव्हा

प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी १८९६ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीगत छापली. खेळात चपळ, बोलण्यात हुशार असलेल्या या पर्सीने ७४९ गुणिले ८६७ हा गुणाकार झटपट आणि बिनचूक केला. स्वतःच्या नावात मात्र त्याने अक्षरांची अदलाबदल केली, आणि एकदा सांगूनही ती त्याच्या ध्यानात आली नाही. शिकवणं निव्वळ तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असं त्याच्या शिक्षकांचं मत होतं.

डिस्लेक्सिया म्हणजे वाचन आणि लेखन शिकताना येणारी कायमची अडचण; तिच्या सुरुवातीच्या वर्णनांपैकी हे एक. अक्षरं उलटी दिसणं म्हणजे डिस्लेक्सिया, हा समज अजून गेलेला नाही. मूळ अडचण बहुतेकदा डोळ्यांत नसते, ध्वनींत असते. बोललेला शब्द सुट्या ध्वनींत फोडायचा आणि ते ध्वनी अक्षरांशी जोडायचे, हे काम मेंदूच्या डाव्या बाजूचे काही भाग करतात. डिस्लेक्सिया असलेल्यांमध्ये वाचताना ते कमी सक्रिय दिसतात. २००१ साली इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी वाचकांच्या तुलनेत तिन्ही गटांत हाच फरक आढळला. इटालियनमध्ये उच्चार आणि लेखन यांचा मेळ सरळ असल्याने तिथल्या वाचकांच्या चुका मात्र कमी होत्या. अशा भाषांत अडचण चुकांपेक्षा संथपणात दिसते, आणि संथ मुलावर ‘आळशी’ असा शिक्का पटकन बसतो.

माध्यमिक शाळेत हा संथपणा फार महाग पडतो. आता वाचायला शिकायचं नसतं, वाचून शिकायचं असतं; तेही सात-आठ विषयांत. इतिहासाचा धडा वाचताना सगळी शक्ती शब्द उलगडण्यात गेली, तर परिच्छेद संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरलेली असते. फळ्यावरून उतरवून घेणं तर याहून कठीण: वर बघायचं, शब्द लक्षात धरायचा, खाली लिहायचा, पुन्हा जागा शोधायची. तोवर शिक्षक पुढे गेलेले असतात. हे काम माझ्या मते सरळ बंद करावं आणि छापील टिपण द्यावं. मुलाला त्या उतरवण्यातून काहीच मिळत नाही.

नवा धडा सुरू होण्याआधी त्यातले अवघड शब्द तोंडी ओळखीचे करून दिले, तर वाचताना निम्मा भार उतरतो. ‘प्रकाशसंश्लेषण’ हा अख्खा डोंगर चढायला लावण्यापेक्षा ‘प्रकाश’ आणि ‘संश्लेषण’ असा फोडून दाखवावा, शेजारी ‘विश्लेषण’ ठेवावा. मोठ्या मुलांना शब्दांची ही घडण लवकर पकडता येते. पाठ्यपुस्तक ऐकायची सोय द्यावी, पण वाचनाचा नेमका सराव थांबवू नये. चौदाव्या वर्षीही वाचन सुधारतं, फक्त वेळ जास्त लागतो. रंगीत चष्म्यांवर पैसे घालवू नयेत. त्यांनी डिस्लेक्सिया सुधारतो याला भरवशाचा पुरावा नाही. आणि आगाऊ कल्पना न देता वर्गासमोर प्रकट वाचनाला उभं करणं टाळावं.

परीक्षेतल्या वाढीव वेळेवर ‘हा अन्याय नाही का?’ असा सवाल हमखास येतो. जीवशास्त्राच्या पेपरात आपल्याला मोजायचं असतं जीवशास्त्र. हृदयाचे कप्पे तोंडी धडाधड सांगणारी मुलगी प्रश्न वाचण्यातच अर्धा तास घालवत असेल, तर तिचे गुण तिच्या वाचनाच्या वेगाचे असतात. शुद्धलेखनाचे गुण भाषेच्या पेपरात जरूर कापा. ‘झडप’ चुकीचं लिहिलं म्हणून रक्ताभिसरणाचा गुण का जावा?