एका पायापुरती केमो

साक्रीकडचे आमचे मामा, सगळं आयुष्य वावरात अनवाणी. तळपायावर काळा डाग दिसला तेव्हा म्हणाले "काटा मोडेल शे", आणि वर्षभर तो डाग तसाच राहिला. तपासलं तर मेलानोमा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. आपल्याकडे तो तळपायावर, नखाखाली असा नको तिथेच निघतो. डाग काढला पण पुढे पोटरीवर मांडीवर गाठी यायला लागल्या, आणि घरात सगळ्यांचा एकच प्रश्न, पाय कापावा लागेल का?

अशा गाठींसाठी एक उपचार आहे तो मला फार महत्त्वाचा वाटतो. पांझरा नदीकाठची फड बागायत, म्हणजे शेताच्या एकेका फडाला पाळीने पाणी द्यायची पद्धत, बघितली असेल तर लगेच कळेल, एकाच फडाला पाणी द्यायचं तर बाकीच्या चाऱ्या बंद करतात ना, तसंच. ऑपरेशन करून मांडीची मुख्य धमनी आणि शीर यांच्यात नळ्या घालतात, वर पट्टा करकचून आवळतात आणि पायाचं रक्त बाकी शरीरापासून तोडून टाकतात. मग हार्ट-लंग मशीन त्या एकट्या पायात रक्त फिरवतं, त्याला ऑक्सिजन देतं, थोडं गरमही ठेवतं, कारण उष्णतेत औषध जास्त काम करतं. औषध बहुतेक वेळा मेलफालान, हे केमोचंच औषध. तास-दीड तास फिरवतात, मग सगळं धुऊन काढून नळ्या काढतात. १९५७ च्या सुमारास अमेरिकेत न्यू ऑर्लीन्सला डॉक्टर क्रीच आणि त्यांच्या साथीदारांनी हे सुरू केलं.

फायदा काय, तर नेहमीच्या केमोत अंगाला सोसेल त्याच्या १५ ते २५ पट तीव्र औषध पायाला देता येतं. डोस माणसाच्या वजनावर नाही तर पायाच्या आकारमानावर, पायाला साधारण लिटरला १० मिलिग्रॅम, म्हणून आधी पाय मोजतात.

सगळ्यात नाजूक काम गळतीचं. बांध फुटला आणि एवढं औषध अंगात गेलं तर रक्त बनवणाऱ्या मज्जेला धक्का बसतो. म्हणून पायाच्या रक्तात थोडा किरणोत्सारी पदार्थ मिसळतात आणि छातीवर यंत्र धरून तो वर येतोय का ते सतत बघत राहतात, गळती वाढली तर थांबवतात. पाय सुजतो, लाल होतो, फोड येतात, क्वचित स्नायूत दाब एवढा वाढतो की चीर द्यावी लागते, फारच क्वचित पाय जातोसुद्धा.

पुढे सिडनीच्या डॉक्टर थॉम्पसन यांनी सोपा प्रकार आणला, मोठी चीर नाही, बारीक कॅथेटर म्हणजे लवचिक नळी घालून अर्धा तास, वयस्कर पेशंटला ते झेपतं. मऊ ऊतींच्या सारकोमात, म्हणजे स्नायू, चरबी अशा भागांच्या कॅन्सरमध्ये, जिथे गाठ काढायची तर हात किंवा पायच काढावा लागेल, तिथे मेलफालानसोबत टीएनएफ नावाचं प्रथिन देतात, गाठीच्या रक्तवाहिन्याच ते मोडतं, गाठ आक्रसते, मग सर्जन ती काढू शकतो.

आता इम्युनोथेरपी, म्हणजे अंगाची प्रतिकारशक्तीच कॅन्सरवर सोडणारे उपचार, आल्याने मेलानोमात याची गरज कमी झालीय. आणि मुख्य अट एकच, रोग त्या हातापायातच असला पाहिजे, बंद केलेल्या चारीतलं औषध बाहेरच्या गाठीपर्यंत पोचतच नाही. मामांचं स्कॅन झालं तेव्हा फुफ्फुसात डाग होते.