कंटेनरमधली नेमकी कोणती पेटी उघडायची?

नागपुरात इतवारीतून पिस्ता घ्या नाहीतर सदरमधल्या एखाद्या दुकानातून परदेशी चॉकलेट घ्या, पाकिटाच्या मागे एक पांढरं स्टिकर असतंच, त्यावर इम्पोर्टरचं नाव, पत्ता आणि एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा संस्थेचा, 14 आकडी लायसन नंबर. ते बघून बहुतेक जण म्हणतात की बाहेरचा माल आहे, कस्टममधून आलाय, म्हणजे तपासलेला असणार. यात चूक काही नाही. पण तपासलं म्हणजे किती तपासलं, कुठून काढून तपासलं आणि त्या रिपोर्टवरून आपल्या हातातल्या पाकिटाबद्दल नक्की काय कळतं, हे समजून घ्यायला थोडं गणित लागतं आणि थोडं बुरशीचं शास्त्र लागतं, आणि मला वाटतं हे दोन्ही प्रत्येक खाणाऱ्याला माहीत असायला पाहिजे.

आधी पद्धत थोडक्यात. नागपूरचा माल एकतर मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदरातच सुटतो आणि ट्रकने येतो, नाहीतर कंटेनर सीलबंद रेल्वेने अजनीच्या इनलँड कंटेनर डेपोत, म्हणजे बंदरापासून लांब असलेल्या कंटेनरच्या तळावर, येतो आणि कस्टमचं काम इथे होतं. इम्पोर्टरचा एजंट ऑनलाइन बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयात मालाचा कस्टमचा फॉर्म, भरतो, आणि 2016 पासून सिंगल विंडो, म्हणजे सगळ्या खात्यांसाठी एकच अर्ज, आहे त्यामुळे खायचा माल असेल तर तीच माहिती एफएसएसएआयकडे पण जाते. प्रत्येक कंटेनर उघडून बघणं शक्यच नाही, म्हणून कोणता थांबवायचा हे रिस्क मॅनेजमेंट सिस्टिम सांगते, ही 2005 पासून आहे. माल कोणता, देश कोणता, इम्पोर्टरचा आधीचा रेकॉर्ड कसा, असं सगळं बघून कॉम्प्युटर ठरवतो. मग एफएसएसएआयचा ऑथोराइज्ड ऑफिसर कागद बघतो, माल डोळ्याने बघतो, लेबल बघतो. मुदत संपायला किती वेळ उरलाय हे पण बघतात, मालाच्या एकूण आयुष्याच्या 60 टक्के किंवा 3 महिने यातलं जे कमी असेल तेवढं तरी शिल्लक पाहिजे. इम्पोर्टरचं नाव, लायसन नंबर, व्हेज नॉनव्हेजचा ठिपका यातलं काही राहिलं असेल तर तिथेच स्टिकर लावून दुरुस्त करता येतं, पण मूळ लेबलवरचा मजकूर झाकून किंवा बदलून चालत नाही.

त्यानंतर नमुना. त्याचे दोन भाग करून सील करतात, एक लॅबला जातो आणि दुसरा राखून ठेवतात, पहिल्या रिपोर्टवर इम्पोर्टरने अपील केलं तर तो दुसरा भाग रेफरल लॅबकडे जातो. कस्टमचा स्वतःचा नमुना काढायचा अधिकार वेगळा आहे, 1962 च्या कस्टम्स अ‍ॅक्टचं कलम 144, आणि त्यात एक बारीक तरतूद मला फार आवडते: टेस्टमध्ये जो नमुना खर्ची पडतो त्यावरची ड्युटी 5 रुपये किंवा जास्त होत असेल तर ती ड्युटी लागत नाही. कायदा लिहिणाऱ्यांनी नमुन्याचा इतका विचार केलाय हे बघून बरं वाटतं.

आता गणिताकडे येऊ. समजा खूप मोठा लॉट आहे आणि त्यात 100 पेट्यांमागे 1 खराब आहे. तुम्ही कुठूनही 5 पेट्या उघडल्या तर खराब पेटी हाती न लागण्याची शक्यता साधारण 95 टक्के. 30 उघडल्या तरी 74 टक्के. ती शक्यता 5 टक्क्यांपर्यंत खाली आणायची असेल तर जवळपास 300 पेट्या उघडाव्या लागतात. उलट 100 तल्या 10 खराब असतील तर 30 पेट्यातच काम होतं, सुटायची शक्यता 4 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे नमुना तपासणी पसरलेला, मोठा दोष छान पकडते, आणि तुरळक दोष तिच्या हातून सुटतो, मग ऑफिसर कितीही प्रामाणिक असो. आणि यात लॉट दहा हजार पेट्यांचा आहे की एक लाखाचा याने जवळजवळ काहीच फरक पडत नाही, फरक पडतो तो तुम्ही किती उघडल्या याने. हे पहिल्यांदा ऐकलं की पटत नाही, मलाही पटायला वेळ लागला, पण आकडेमोड स्वतः करून बघा, 0.99 ला 0.99 ने 300 वेळा गुणायचं, बस.

आणि हे झालं पेट्यांचं, जिथे पेटी एकतर चांगली नाहीतर खराब. खरी अडचण शेंगदाणा, पिस्ता, मका असल्या मालात येते कारण तिथे अ‍ॅफ्लाटॉक्सिन असतं. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी ओलसर गरम हवेत दाण्यावर वाढते आणि हे विष तयार करते, लिव्हरचा कॅन्सर होतो यातून, आणि घरच्या शिजवण्याने भाजण्याने ते पूर्ण जात नाही. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले तेव्हा शोधता शोधता ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत पोचले आणि हे विष सापडलं, म्हणजे हा विषयच मुळात आयात मालातून सुरू झाला. आपल्या देशात 1974 ला गुजरात राजस्थानच्या आदिवासी भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसं गेली.

आपल्याकडे थेट खायच्या दाण्यांसाठी मर्यादा आहे किलोमागे 10 मायक्रोग्रॅम. हे विष मालात सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं, हजारो दाणे एकदम स्वच्छ आणि एखादाच दाणा भयानक. एकेका शेंगदाण्यात ग्रॅममागे 1 मिलिग्रॅमपर्यंत विष मोजलं गेलंय. आता बघा, असा अर्ध्या ग्रॅमचा एक दाणा म्हणजे 500 मायक्रोग्रॅम विष, तो एकटा दाणा 50 किलोचं पोतं 10 च्या मर्यादेवर नेऊन ठेवतो. एक दाणा!! असे दाणे विरळाच असतात पण असतात. तुम्ही त्या पोत्यात परखी, म्हणजे दाणे काढायची टोकदार नळी, खुपसून मूठभर दाणे काढले तर तो दाणा येणार नाही, रिपोर्ट शून्य येईल, आणि चुकून आला तर त्या मुठीचा रिपोर्ट इतका भयंकर येईल की पूर्ण लॉट विषारी वाटेल. दोन्ही रिपोर्ट मशीनच्या दृष्टीने बरोबर आणि पोत्याच्या दृष्टीने चूक. शितावरून भाताची परीक्षा होते कारण पातेल्यात उकळताना सगळा भात एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो, पोत्यातल्या दाण्यांचं तसं नाही, प्रत्येक दाणा वेगळ्या शेतातून, वेगळ्या ओलीतून आलेला.

म्हणून युरोपात शेंगदाण्याच्या मोठ्या लॉटमधून शंभर ठिकाणांहून थोडं थोडं काढून एकूण 20 किलो नमुना करतात, आणि नमुना दळून एकजीव केल्याशिवाय त्यातून टेस्टपुरते ग्रॅम उचलत नाहीत. पूर्ण प्रोसेसमध्ये जी चूक होते तिचा सगळ्यात मोठा वाटा नमुना काढण्यात असतो, त्यानंतर दळण्यात, आणि करोडोच्या मशीनची चूक सगळ्यात कमी. आपण मात्र चर्चा कायम लॅबची करतो, कोणतं मशीन आणलं, किती पीपीबीपर्यंत (अब्जात एक भाग) मोजतं. मला मनापासून वाटतं की ज्या माणसाच्या हातात परखी आहे त्याच्या ट्रेनिंगवर, आणि त्याला द्यायच्या वेळेवर आणि हमालांवर, आधी खर्च व्हायला पाहिजे.

कारण कंटेनर उघडला की दाराजवळच्या पेट्या हाताशी असतात, मागच्या काढायच्या तर अर्धा माल बाहेर काढावा लागतो, उन्हात, मे महिन्यात नागपुरात 45 डिग्रीला हे काम काय असतं ते सांगायला नको. पण दारापाशी चांगला माल लावणं कोणालाही जमतं. आणि कोणी मुद्दाम नाही केलं तरी कंटेनरच्या आत हवामान सारखं नसतंच, दिवसा तापतो, रात्री पत्रा गार होतो, आतली वाफ छताला थेंब होऊन वरच्या थरावर टपकते, त्यामुळे वरची आणि पत्र्याला लागून असलेली पोती आधी बुरसतात. कुठून काढलं यावर उत्तर बदलतं.

ही गोष्ट एका मराठी माणसाने शेतात दाखवून दिली होती. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म 1911, सातारा जिल्ह्यातलं बुध गाव, पुढे जागतिक अन्न व कृषी संघटनेत मोठ्या पदावर गेले. विदर्भातल्या शेतकऱ्यांना पीक कापणी प्रयोग, म्हणजे शेताचा एक तुकडा कापून त्यावरून उत्पन्न ठरवणं, चांगलाच माहीत आहे, विम्याचा सगळा खेळ त्याच्यावर असतो. सुखात्म्यांनी 1940 च्या दशकात दाखवलं की कापणीसाठी फार लहान तुकडा आखला तर उत्पन्न फुगलेलं येतं, कारण काठावरची रोपं आत की बाहेर असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात ती आत घेतो, आणि तुकडा जितका लहान तितका काठ जास्त. कोणी लबाडी केलेली नसते. आणि ही चूक असे शेकडो लहान तुकडे कापून पण जात नाही, सगळे एकाच बाजूला झुकलेले असतात. दाराजवळच्या पेट्यांचं अगदी हेच आहे, तिथल्याच 5 च्या 50 केल्या तरी मागचा माल कळत नाही. उपाय जुनाच आहे, पेट्यांना नंबर द्या आणि कोणता नंबर उघडायचा ते माणसाने ठरवू नका, रँडम आकड्यांनी ठरवा.

बरं नमुना एकदम बरोबर काढला तरी टेस्ट कशाची करताय हा प्रश्न राहतोच. 2008 मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळलं गेलं, सुमारे 3 लाख बाळं आजारी पडली आणि 6 गेली. दुधातलं प्रोटीन मोजायची जुनी पद्धत प्रत्यक्षात नायट्रोजन मोजते आणि त्याला 6.38 ने गुणते. मेलामाइनमध्ये वजनाच्या 66 टक्के नायट्रोजन असतो, त्यामुळे पाणी घातलेलं दूध पण टेस्टमध्ये भरपूर प्रोटीनवालं दिसलं. भारताने त्याच वर्षी चिनी दूध आणि दुधाच्या वस्तूंवर बंदी घातली. जे शोधायला कोणी सांगितलंच नव्हतं ते कोणत्याच रिपोर्टमध्ये येत नाही.

खेळण्यांचा मामला थोडा सोपा आहे कारण एका साच्यातून, एका रंगाच्या डब्यातून निघालेली हजार खेळणी बरीचशी सारखी असतात, तिथे कमी नमुन्यात जास्त कळतं. आपले पोट्टे खेळणं आधी तोंडात घालतात, म्हणून टेस्टही तशीच केलीय, रंग खरवडून पोटातल्या अ‍ॅसिडइतक्या तीव्रतेच्या हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये 37 डिग्रीला 2 तास ठेवतात, 1 तास हलवत आणि 1 तास स्थिर, मग त्यात शिसं किती उतरलं ते मोजतात. 2019 मध्ये क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाने बाजारातली आयात खेळणी तपासली तर सुमारे 67 टक्के फेल झाली, त्यानंतर दर कन्साइनमेंटमधून नमुना घ्यायचा नियम आला आणि 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय मार्क सक्तीचा झाला. इतके फेल असताना तो दोष सापडायला फार नमुने लागलेच नसते, वरचं गणित आठवा, आधी कोणी बघायचं मनावर घेतलं नव्हतं एवढंच.

अजून एक गोष्ट, रिपोर्ट त्या दिवसाचा असतो. न्हावाशेवाला पास झालेला पिस्ता नागपूरला येऊन जुलै ऑगस्टमध्ये ओल धरणाऱ्या गोदामात दोन महिने पडला तर बुरशी तिथे वाढते आणि बंदरावरच्या कागदाला त्याची खबर नसते. ही जबाबदारी मग कस्टमची उरत नाही, राज्याच्या एफडीएची (अन्न व औषध प्रशासन) आणि दुकानदाराची होते. सुटा माल घेताना वास घ्या, कोंदट वास असेल, दाणा आक्रसलेला किंवा काळपट असेल तर घेऊ नका, आणि घरी आणल्यावर एखादा तसा निघाला तर तेवढा बाजूला करा. वरचा हिशोब बघितला तर असे मोजके दाणे निवडून टाकल्याने बरंच विष कमी होऊ शकतं, आणि दाणे निवडणारी मशीन मोठ्या कारखान्यात हेच करतात, एकेक दाण्याचा रंग बघून.

आणि ज्यांना खरंच शंका आहे त्यांच्यासाठी कायद्यात सोय आहे, 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याचं कलम 40. साधा ग्राहकही फी भरून विकत घेतलेला पदार्थ फूड अ‍ॅनालिस्टकडून तपासून घेऊ शकतो. अट एकच, विकत घेतानाच दुकानदाराला सांगायचं की मी हे टेस्टला देणार आहे, आणि माल नियमात बसत नाही असा रिपोर्ट आला तर भरलेली फी परत मिळते. बिल सांभाळून ठेवा, पाकीट फोडू नका, आणि सुटा माल असेल तर वरवरचा नको, पोत्यात खालपर्यंत हात घालून तीन चार ठिकाणचा एकत्र करून द्यायला सांगा.