चौकडीवर चौकडी

चाटी गल्लीतल्या ओळखीच्या दुकानदाराने परवा मोबाइल माझ्यापुढे धरला. बारीक चौकडीच्या इरकलीचा फोटो त्याने गिऱ्हाइकाला पाठवला होता आणि उत्तर आलं होतं, "साडी डागाळलीय का?" फोटोत गुलाबी-हिरवट लाटा होत्या. गादीवर उलगडलेली साडी मात्र स्वच्छ.

दोष साडीचा नाही, मोबाइल बिघडलाय असंही नाही. कॅमेऱ्यातला सेन्सर हेही चौकडीचं कापडच, फक्त सिलिकॉनचं. त्यात प्रकाश टिपणारे पिक्सेल उभ्या-आडव्या रांगांत बसवलेले असतात. मोबाइलमध्ये मिलिमीटरभर रांगेत हजारेक. साडीची चौकडी या चौकडीवर पडली आणि दोन्हींची वीण जवळपास सारखी, पण तंतोतंत नाही अशी जुळली, की तिसरीच नक्षी उमटते. तिला म्वारे म्हणतात. मच्छरदाणीचे दोन पदर एकमेकांवर सरकवून पाहा, अशाच लाटा पळतात.

पण गुलाबी रंग कुठून आला? पिक्सेलला मुळात रंग कळतच नाही. प्रकाशाने सिलिकॉनमधले इलेक्ट्रॉन सुटतात, ते किती, एवढंच तो सांगतो. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांनी यावर तोड काढली, १९७६ साली त्याचं पेटंट मिळालं. दर चार पिक्सेलांपैकी दोघांवर हिरवी गाळणी, एकावर लाल, एकावर निळी. उरलेले रंग शेजाऱ्यांकडून उसने, अंदाजाने. रेघा फारच बारीक असल्या की हा अंदाज फसतो आणि काळ्या-पांढऱ्या चौकडीलाही रंग चढतो.

१९६९ मध्ये बेल लॅब्समध्ये बॉइल आणि स्मिथ यांनी सीसीडी नावाचा सेन्सर शोधला. त्यात इलेक्ट्रॉन या पिक्सेलमधून त्या पिक्सेलमध्ये, बांधकामावरच्या घमेल्यांसारखे हातोहात कडेपर्यंत जात आणि तिथे मोजले जात. २००९ चं भौतिकशास्त्राचं अर्धं नोबेल त्याचंच. १९७५ मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी असाच सेन्सर लावून कॅमेरा जुळवला. १०० बाय १०० पिक्सेलांचा एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद! पुढे नव्वदच्या दशकात नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेत एरिक फॉसम यांनी यानांसाठी लहान, कमी वीज खाणारे कॅमेरे हवेत म्हणून सीमॉस सेन्सर घडवला. त्यात प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा अॅम्प्लिफायर, घमेली फिरवणं बंद. तोच आज खिशात आहे.

दुकानदाराला मी आधी फोटो मोठा करून बघायला सांगितलं. कधीकधी लाटा फक्त स्क्रीनवरच्या असतात, मोठं करताच जातात. या गेल्या नाहीत. मग तो दोन पावलं पुढे सरकला, मोबाइल जरा तिरपा धरला आणि पुन्हा फोटो काढला. लाटा गायब.

गिऱ्हाइकाने विचारलं, "साडी तीच ना?"